थैलीवरचं तोंड

वसंताभौचं तोंड मी जितक्या वेळा छापलं, तितक्या वेळा त्याच्या बायकोनंही पाहिलं नसेल. अमरावतीत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. लग्नाच्या पिशव्या, शाळेचे बिल्ले, निवडणुकीत सगळ्या पक्षांचे झेंडे, सगळं एकाच टेबलावर छापतो. वाळायला मात्र वेगवेगळ्या दोऱ्यांवर टाकतो, उगाच भांडण नको. यात माझं बारमाही गिऱ्हाईक एकच, वसंताभौ. पांढरी कापडी थैली, वर लाल अक्षरात 'वसंता छाप तूर डाळ', आणि मधोमध खुद्द मालक. डोळे वटारलेले, मान ताठ, अन् दोन्ही गालांवर चढत गेलेली मिशी. फोटो काढताना फोटोग्राफरनं जरा हसा म्हटलं, तर म्हणाला, मला डाळ विकायची आहे, दात नाही.

लोक आपल्या मालाला देवाचं नाव देतात, लेकीचं देतात, नाहीतर वाघ, मोर काहीतरी छापतात. हा गडी स्वतःचंच तोंड घेऊन आला तेव्हा मला वाटलं, चढली याला. मी विचारलंही, भौ, एखादा मोर टाकू या का, बरा दिसेल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची जमीनच मागितली.

"डाळ खराब निघाली तं बाई कोणाले शिव्या देईन, रशीद? मोराले?"

छापलं तोंड.

डाळ तो अकोल्याच्या एका मिलमधून आणायचा. स्वतः जाऊन, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून, तळातली मूठ बाहेर काढायचा आणि कच्चीच चावायचा. दिवसभर त्याच्या गालात डाळ असायचीच. बोलताना मधेच थांबायचा, चावायचा, गिळायचा, मग पुढचा शब्द. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, माणूस फार विचार करून बोलतो. विचारबिचार काही नाही, डाळ अडकलेली असायची.

थैल्या न्यायला आला की पहिलं काम म्हणजे एक थैली उचलून उजेडात धरणं. माझ्या भिंतीवर एक फुटका आरसा होता. आधी थैली पाहायचा, मग आरशात स्वतःला, मग परत थैली. "मिशी भुरकट आली. हा माह्या काकासारखा दिसून राहिला." मी म्हणायचो, भौ, शाई तीच आहे, तुमचे केस पिकले. मग तो रुसायचा, चहा न घेता जायचा आणि कोपऱ्यावरून परत यायचा, कारण चहा राहिलेला असायचा. ईदेला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला हक्कानं यायचा. पिऊन झाल्यावर मिशी पुसायची ती माझ्याच रुमालानं. माझी बायको त्याच्यासाठी वेगळा रुमाल काढून ठेवायला लागली, तर म्हणे, काऊन, माह्यापासून परदा कायले?

वलगावच्या सरूबाईची गोष्ट सगळ्या बाजाराला माहीत होती. सरूबाई फुलं विकायची. एकदा तिला डाळीत खडा लागला आणि दाढेचा टवका उडाला. ती दुकानापुढं उभी राहून जे बोलायला लागली, ते दोन दुकानं पलीकडचे लोकही हातातलं काम टाकून ऐकत बसले. बाई दमली तेव्हा वसंताभौनं तिला पाणी दिलं, दुकान तसंच टाकलं आणि तिला दातवाल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथं डॉक्टरशीच भांडला, की एवढीशी दाढ अन् एवढे पैसे? सरूबाईला दुखणं सोडून हसू आलं. पुढं ती दर महिन्याला डाळ न्यायला यायची आणि सवय म्हणून थोड्या शिव्या देऊन जायची. तो म्हणायचा, चांगलं हाये, भावातच धरून घ्या.

मग तो कर आला. आधीचे सतरा कर गोळा करून एकच केला म्हणे. एकच म्हणता म्हणता बिलावर दोन ओळी उमटायला लागल्या, एक दिल्लीची अन् एक मुंबईची. आमच्या पानठेल्यावर तर जो उभा राहील तो अर्थशास्त्रज्ञ. स्वस्ताई येणार म्हणणारे एका बाजूला, मेलो म्हणणारे दुसऱ्या बाजूला, अन् मधात पानवाला, ज्यानं दोघांनाही पान महाग केलं. ज्याला भाव वाढवायचा त्याला आयतंच कारण सापडलं. चहावाला म्हणे जीएसटी. न्हावी म्हणे जीएसटी. आमच्या गल्लीतल्या धोब्यानं इस्त्रीचा भाव वाढवला तोही जीएसटीमुळं.

वसंताभौला यात नवा उद्योग सापडला. ज्याच्या तोंडून जीएसटी निघालं, त्याच्याकडे तो कराच्या नोंदणीचा नंबर मागायचा. "नंबर दाखव. नाई ना? मंग पहिला भाव घे." धोबी त्याला पाहिला की इस्त्री घेऊन मागच्या खोलीत जायचा. मी म्हटलं, भौ, तुम्ही व्यापारी की गिऱ्हाईक? एक काहीतरी ठरवा. तर म्हणाला, डाळ सोडली तर बाकी सगळ्या गोष्टीत मी गिऱ्हाईकच आहे.

त्याच दिवसांत त्याच्या लग्नाचा वाढदिवस आला आणि शोभावहिनींच्या हट्टापायी आम्ही दोन्ही घरं एका बऱ्या हॉटेलात जेवायला गेलो. तिथं पाटी होती, की एसी हॉलमध्ये कर जास्त. झालं. वसंताभौनं वेटरला बोलावून एसी बंद करायला लावला. उन्हाळा संपला होता पण उकाडा होता. आजूबाजूची माणसं मेनूकार्डांनी वारा घ्यायला लागली. तो मात्र शर्टाचं वरचं बटण उघडून ऐटीत पोळ्या तोडत होता. बिल आलं तर कर तेवढाच. मॅनेजर म्हणाला, साहेब, एसी चालू असो की बंद, हॉटेलात आहे म्हटल्यावर लागतोच. "म्हंजे मी घाम गाळला थो फुकट?" म्हणून त्यानं एसी परत लावायला सांगितला आणि पैसे वसूल होईपर्यंत बसतो म्हणाला. वहिनी कोणाची वाट न पाहता बाहेर जाऊन ऑटोत बसल्या.

दिवस मात्र हसण्याचे नव्हते. त्या साली तूर अशी काही पिकली की मार्केट यार्डापुढं गाड्यांची रांग लागली, माणसं पोत्यांवरच झोपायची, आणि भाव पार मातीत. पिकवणाऱ्याच्या हाती काही पडत नव्हतं, खाणाऱ्याला म्हणावी तशी स्वस्त मिळत नव्हती, आणि वसंताभौ मधात बसून दोघांच्याही शिव्या खात होता. त्यात या नव्या करात एक भानगड होती. सुटी डाळ घेतली तर कर नाही. नावानिशी, छाप मारून थैलीत विकली, तर कर.

यावर शहरात एक जाहीर सभा झाली. व्यापारीही होते, ग्राहकही होते, शंका फेडायला कॉलेजचे एक प्राध्यापक बोलावले होते. प्राध्यापक भला माणूस. त्यांनी फळ्यावर बाण काढून दाखवले, की आधी करावर कर कसा चढायचा आणि आता कसा चढणार नाही. वसंताभौ पहिल्या रांगेत बसून डाळ चावत होता. शंका विचारा म्हटल्याबरोबर उठला. गिळायला जरा वेळ लागला, तोवर सगळा हॉल चूप झाला.

"सर, जो आपलं नाव सांगून विकते त्याले कर, अन् जो नाव लपवून विकते त्याले माफी. हे कोणतं गणित?"

टाळ्या पडल्या. पण प्राध्यापकही कच्चे नव्हते. ते म्हणाले, यामागचा हेतू मोठ्या कंपन्यांकडून घ्यायचा आणि गरिबाच्या सुट्या डाळीला हात लावायचा नाही, असा आहे. तुम्ही मधल्या मधे सापडलात हे खरं. माणसानं खाली बसावं की नाही? पण टाळ्या कानात शिरल्या होत्या. वसंताभौनं मिशीवरून हात फिरवला आणि साऱ्या हॉलला सांगून टाकलं, की माझ्या डाळीचा भाव वाढणार नाही, आणि थैलीवरून माझं तोंडही हटणार नाही. मागच्या बाजूला नांदगाव पेठच्या कापड गिरणीत शिवणकाम करणाऱ्या बायका बसल्या होत्या. महिन्याचा किराणा त्या मिळून भरायच्या. त्यांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. मी कपाळाला हात लावला.

कारण दोन्ही एकदम जमणारच नव्हतं. डाळीच्या धंद्यात असं किती सुटतं? पदरचा कर भरला तर वर्षभरात दुकानाला कुलूप, गिऱ्हाइकाकडून घेतला तर सभेतला शब्द गेला, अन् तोंड काढलं तरी शब्द गेलाच. आमच्या बाजारातल्या शहाण्या माणसांनी एका आठवड्यात आपापली नावं पुसली, वाघ-मोर पुसले आणि कोऱ्या थैल्या सुरू केल्या. मला काम मिळेना. वसंताभौला मी म्हटलं, तुम्हीही तेच करा, माझं नुकसान मी पाहून घेईन. तर म्हणाला, कोरं कापड मेल्यावर.

मग त्यानं अक्कल चालवली. आधी नाव काढायला लावलं, तोंड ठेवलं. त्याच्या कराचं काम पाहणाऱ्या एक वकील मॅडम होत्या, फार शांत बाई. त्यांनी थैली पाहिली आणि सांगितलं, की चित्र हीसुद्धा ओळखच. मग यानं तोंड काढलं आणि नुसती मिशी ठेवली. मी खरंच छापली. पांढऱ्या थैलीवर मधोमध एक काळी मिशी, मागं माणूस नाही. मॅडम म्हणे बराच वेळ थैलीकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ज्यावरून गिऱ्हाईक माल ओळखतं ती कोणतीही खूण चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. याला त्यातही आनंद. मला येऊन सांगतो, पाहिलं का, सरकारही माह्या मिशीले वयखते.

एक वाट मात्र मॅडमनी दाखवली. तोंडही ठेवता येईल आणि करही लागणार नाही. पण त्यासाठी प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं आणि थैलीवर छापायचं, की या नावावर आणि चित्रावर असलेला हक्क आम्ही स्वेच्छेनं सोडला आहे.

त्या दिवशी तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या गालात डाळ नव्हती. मी ओळखलं, काहीतरी बिघडलं.

"माह्या तोंडावर माहा हक्क नाई, असं मीच छापू? अन् वरून स्वेच्छेनं?"

मी म्हटलं, नका छापू, भाव वाढवा, लोक विसरतात. तो म्हणाला, विचार करतो. त्यानंतर कितीतरी दिवस तो फिरकलाच नाही. मला करमेना. एकदम आला तो सकाळी, शटर उघडता उघडता. आदल्या दिवशी नांदगाव पेठच्या त्या बायका डाळीला आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं पिशवी उघडायच्या आधी नुसतं विचारलं, भौ, तुमचा भाव तोच आहे ना? बाकी सगळीकडं वाढला. आणि याच्या तोंडून हो निघून गेलं. मला एवढं सांगून तो टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, छाप.

ती ओळ मी बारीक अक्षरात, खाली कोपऱ्यात मांडली होती. त्यानं खोडायला लावली. म्हणाला, सोडलाच आहे तर मोठ्या अक्षरात लिही, चोरी थोडीच केली. मग मी ती त्याच्या मिशीच्या बरोबर खाली, हनुवटीवर बसवली. वटारलेले डोळे, ताठ मान, अन् खाली लिहिलेलं, हक्क सोडला. खोटं कशाला बोलू, पहिली थैली छापताना मला हसू आलं, आणि दुसरी छापताना वाईट वाटलं.

भाव वाढला नाही. गिऱ्हाईक वाढलं. वसंताभौच्या गालात परत डाळ आली, तो परत धोब्याच्या मागं लागला, आणि मला वाटलं, चला, निभावलं.

पुढच्या वर्षी सरूबाई एक थैली घेऊन आली. याच्याच मिशीची. पण आतली डाळ याची नव्हती. तुरीत स्वस्तातली लाखोळी डाळ मिसळलेली, वरून रंग दिलेला. पाण्यात टाकली की पाणी पिवळंजर्द. कोणीतरी कुठल्यातरी गोदामात आमच्या थैलीची जशीच्या तशी नक्कल केली होती. इतकी जशीच्या तशी, की हनुवटीवरची हक्क सोडल्याची ओळही त्या गाढवांनी छापली होती. मी शाई पाहिली. माझ्यापेक्षा बरी होती, हे आणखी दुःख.

वकील मॅडमनी हात टेकले. नाव-चित्रावरचा हक्क तुम्हीच लिहून सोडला, आता कोणत्या तोंडानं भांडणार, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच. भेसळीची तक्रार करता येईल म्हणाल्या. वसंताभौ भेसळीच्या सरकारी ऑफिसात तक्रार द्यायला गेला. तिथल्या माणसानं आधी थैली पाहिली, मग याला पाहिलं, आणि आधी यालाच बसवून ठेवलं. वहिनींनी दुकानाचे खरे कागद नेऊन दाखवले तेव्हा कुठं सोडलं.

आणि मग लोक यायला लागले. बडनेऱ्याहून, वलगावहून, कुठून कुठून, हातात तीच थैली. वसंताभौ काय करायचा? ती डाळ बाजूला ठेवायचा आणि आपली भरून द्यायचा. पैसे न घेता. एकदा माझ्यासमोर झालं हे. बाई गेल्यावर मी भडकलो. म्हटलं, ही डाळ तुमची नाही, थैली तुमची नाही, कायद्यानं ते चित्रही तुमचं नाही. मग तुम्ही का भरताय?

"तोंड तं माहंच हाये ना, रशीद."

असलं बोललं की माझा संताप होतो. माणूस खरं बोलतो आणि त्याचं घर बुडतं, आणि आपण चहा पीत बसतो. शोभावहिनी तर रोज बोलायच्या. एक दिवस त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, की थैलीवरचा तो माणूस मेला असं समजा, नाहीतर हे दुकान मेलं असं समजा. लेकीचं बाळंतपण तोंडावर होतं. त्या काही चुकीचं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वसंताभौ माझ्याकडे आला आणि मी त्याला, या, काय छापायचं, असं विचारलं. ओळखलंच नाही. मिशी नव्हती. वरचा ओठ सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा, अन् माणूस एकदम लहान झालेला. आरशाकडे गेला नाही. कोऱ्या थैल्या हव्या म्हणाला. आता कोणी ती थैली घेऊन आला तर सांगता येईल, की तो मी नाही. मी थट्टा करायचा प्रयत्न केला, म्हटलं, भौ, आता शीरखुर्म्याला रुमाल लागणार नाही. तो हसला, पण मिशीशिवाय त्याचं हसू कसं दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मला नाही आवडलं.

पुढं तो लेकीकडे अकोल्याला राहायला गेला, आणि तिथंच वारला. मला वेळेवर जाता आलं नाही. डोळ्यांपुढं आहे तो त्याच्या दुकानातलाच. अकोल्याला जायच्या आधी एकदा कोऱ्या थैल्यांचा गठ्ठा पोचवायला मी गेलो होतो. वहिनी गल्ल्यावर होत्या, वसंताभौ आत पोतं शिवत होता. एक बाई आली. कधी पाहिलेली नव्हती, लांबून आलेली दिसत होती, आणि हातात तीच थैली. तिच्या पोराच्या बारशाला जेवून गेलेल्या पाहुण्यांची पोटं बिघडली होती, सासरी तिची सगळी शोभा झाली होती. तिनं मिशीवाले मालक कुठं आहेत म्हणून विचारलं. वहिनींनी मान खाली घालून सांगितलं, की ते आता नाहीत. बाईनं बरं म्हटलं, थैली छातीशी धरली आणि पायरी उतरायला लागली.

तेवढ्यात वसंताभौ बाहेर आला.

"बाई, थांबा. मीच थो."

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तुम्ही नाही ते, म्हणाली. कायले खोटं बोलता, त्यायले मिशी हाये, थो माणूस येगळा हाये. मला त्यांच्याशीच बोलायचं आहे, इतक्या लांबून मी त्यांच्यासाठीच आले, दुसऱ्या कोणाशी नाही. वसंताभौनं परत सांगितलं. तिनं परत मान हलवली. साक्ष द्यायला मी तोंड उघडलं, तर त्यानं मला हातानंच थांबवलं. वहिनी डाळीचं माप हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

मग त्यानं ती थैली तिच्या हातून घेतली आणि आपल्या खांद्याशी धरली, चित्र तिच्याकडं करून. मान ताठ केली. डोळे वटारले. आणि उजव्या हाताचं बोट वरच्या ओठावर आडवं ठेवलं.

बाई पायरीवरून एकदा थैलीकडं पाहत होती, एकदा त्याच्याकडं. त्यानं बोट अजून काढलं नव्हतं.